ज्यांना शिकवलं, त्यांच्याशीच लढायला पाठवलं

परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समितीचे माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,

सादर नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवला. वडील, म्हणजे आमचे आबा, सैन्यात सिग्नल्सला होते. वायरलेस ऑपरेटर. 1987 च्या ऑगस्टमध्ये, भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर, ते उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याजवळच्या पलालीच्या विमानतळावर उतरले आणि दीड वर्षाने परत आले. त्या दीड वर्षाबद्दल ते घरात फारसं बोलले नाहीत. पहिल्या महिन्यात लोकांनी हार घातले, म्हाताऱ्या बायकांनी शहाळी दिली, ऑक्टोबरनंतर त्याच गल्ल्यांत दारं बंद, एवढंच सांगायचे. आणि जेवता जेवता अधूनमधून एक वाक्य यायचं: "आपलं सगळं त्यांना ठावं हुतं. त्यांचं आपल्याला काय बी न्हवतं."

पुढे इतिहासाचा मास्तर झालो तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला लागला. 'टायगर्स'ना, म्हणजे प्रभाकरनच्या एलटीटीई या श्रीलंकेतल्या तमिळ सशस्त्र गटाला, आपलं सगळं ठाऊक होतं, कारण त्यातलं बरंचसं आपणच शिकवलं होतं.

हे काही मी उकरून काढलेलं गुपित नाही. 1983 पासून पुढची तीन-चार वर्षं भारत सरकारच्या गुप्तचर यंत्रणेने, म्हणजे 'रॉ'ने, श्रीलंकेतल्या तमिळ सशस्त्र गटांना प्रशिक्षण, शस्त्रं आणि पैसा पुरवला. डेहराडूनजवळ चक्राताला आणि तमिळनाडूत ठिकठिकाणी छावण्या होत्या. मार्च 1984 मध्ये 'इंडिया टुडे'ने त्या छावण्यांचं वृत्त छापलं. सरकारने नाकारलं आणि पुढेही नाकारतच राहिलं. त्या काळातल्या मुत्सद्द्यांनी आणि सेनापतींनी निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या, त्यांत हे सगळं आलं आहे. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण भारत सरकारने स्वतः संसदेपुढे उभं राहून 'होय, आम्ही हे केलं, ते असं केलं आणि या कारणाने केलं' असं सांगितलेलं नाही. ते सांगण्यासाठी तुमच्या समितीने सरकारला भाग पाडावं, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी दुसरी बाजू मांडतो, कारण ती खोटी नाही. 1956 मध्ये श्रीलंकेने सिंहली हीच एकमेव राजभाषा केली. सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे नियम असे बदलले की जास्त गुण मिळवूनही तमिळ पोरांना दारं बंद झाली. 1981 मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं, नव्वद हजारांच्या वर पुस्तकं आणि हस्तलिखितं राख झाली. आणि 23 जुलै 1983 ला 'टायगर्स'नी जाफन्यात 13 सैनिक मारल्यावर कोलंबोत जे झालं, त्याला दंगल म्हणणंही सौम्य ठरेल. मतदारयाद्या हातात घेऊन जमाव तमिळांची घरं शोधत फिरत होते. वेलिकडाच्या तुरुंगात, सरकारच्याच ताब्यात असलेले 53 तमिळ कैदी दोन हल्ल्यांत ठार मारले गेले. लाखभर निर्वासित समुद्र ओलांडून तमिळनाडूत आले. अशा वेळी दिल्लीने हातावर हात ठेवून बसायला हवं होतं, असं मी म्हणत नाही.

पण दिल्लीच्या मनात फक्त तमिळांची कणव होती, हेही खरं नाही. ज्या करारानुसार शांतिसेना गेली, त्या 29 जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका कराराला जोडलेली पत्रं आपण सदस्यांनी एकदा मुद्दाम वाचावीत. मुख्य करारात प्रांतिक सत्ता, भाषा, शस्त्रत्याग वगैरे. पत्रांत मात्र त्रिंकोमालीचं बंदर आणि तिथल्या तेलाच्या टाक्या, परकी रेडिओ प्रसारण केंद्रं, परकी लष्करी आणि हेर मंडळी. श्रीलंकेचे तेव्हाचे अध्यक्ष जयवर्धने अमेरिकेकडे झुकले होते, इस्रायली आणि ब्रिटिश भाडोत्री प्रशिक्षक बोलावत होते, हे दिल्लीला खुपत होतं. ते खुपणं गैर होतं असंही नाही. पण मग हिशेब स्पष्ट मांडायला हवा: त्या पोरांना ईलम, म्हणजे वेगळा तमिळ देश, हवं होतं आणि आपल्याला जयवर्धने वठणीवर यायला हवे होते. तो देश दिल्लीला कधीच नको होता. म्हणजे ज्या ध्येयासाठी ती पोरं मरायला तयार होती ते पुरं होऊ द्यायचं नाही, हे त्यांच्या हातात बंदूक देतानाच आपण ठरवलं होतं. यालाच मराठीत दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात.

इथे कोणीतरी 1971 काढेल. माझे विद्यार्थीही काढायचे. मुक्तिवाहिनीला शस्त्रं दिली ती चाललं, मग हे का नाही? फरक मोठा आहे. पूर्व पाकिस्तानात अवामी लीगने निवडणूक जिंकली होती आणि जिंकलेल्यांना सत्ता नाकारली गेली होती, लोकांचा कौल कुणाला हे ठरलेलं होतं. शिवाय आपलं आणि त्यांचं ध्येय शेवटी एकच झालं. श्रीलंकेत निवडून आलेले तमिळ नेतेही होते, अमृतलिंगम आणि त्यांचा पक्ष. ते मद्रासला येऊन राहिले आणि आपण त्यांच्या डोळ्यांदेखत विशी-पंचविशीच्या बंदूकवाल्यांना मोठं करत गेलो. (याच अमृतलिंगम यांना 1989 च्या जुलैत 'टायगर्स'नी कोलंबोत गोळ्या घातल्या.) 1971 चं यश दिल्लीच्या डोक्यात जरा जास्तच गेलं होतं, असं माझं मत आहे.

आपण एकाच गटाला पोसलं असंही नाही. टेलो, ईपीआरएलएफ, ईरॉस, प्लॉट आणि एलटीटीई. एक फार बळावला तर दुसरा हाताशी असावा, हा जुन्या दरबारी राजकारणातला हिशेब. त्यावर तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन वेगळे, ते प्रभाकरनला परस्पर पैसे देत होते. दिल्लीचा कल टेलोकडे, मद्रासचा एलटीटीईकडे. परिणाम काय झाला? 1986 च्या एप्रिल-मेमध्ये जाफन्याच्या रस्त्यांवर एलटीटीईने टेलोची कत्तल केली. टेलोचा नेता श्री सबारत्नम 6 मे रोजी मारला गेला. डिसेंबरात ईपीआरएलएफची पाळी. ज्या बंदुका सिंहली सैन्याच्या अत्याचारापासून वाचायला म्हणून दिल्या, त्यांनी तमिळ पोरांनी तमिळ पोरं मारली, आणि जाफन्याचे लोक खिडक्या लावून आवाज ऐकत बसले.

या सगळ्यात मला सर्वांत मोठं नुकसान तेच वाटतं. बंडखोराला भाकरी आपल्याच गावातून मिळत असेल तर गावाचं ऐकावं लागतं. चुकलं तर भाकरी बंद होते. पैसा, बंदूक आणि लपायला जागा समुद्रापलीकडून मिळायला लागली की गावाची गरज संपते. मग गाव फक्त पोरं पुरवायचं आणि खंडणी द्यायची. आपल्यानंतर ती जागा परदेशी स्थायिक झालेल्या तमिळांच्या वर्गणीने आणि एलटीटीईच्या स्वतःच्या जहाजांनी घेतली, पण गावाला विचारायचं नाही ही सवय आपल्या काळात लागली. डॉ. रजनी तिरणगमा जाफना विद्यापीठात शरीरशास्त्र शिकवत. आधी त्या एलटीटीईच्या सहानुभूतीदार होत्या. नंतर त्यांनी एलटीटीई, शांतिसेना, श्रीलंकेचं सैन्य, सगळ्यांच्या अत्याचारांची नोंद ठेवली. 21 सप्टेंबर 1989 ला विद्यापीठातून सायकलवर घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. अशी माणसं तिथे होती. दिल्लीने त्यांच्या हाती काहीच दिलं नव्हतं.

आपल्या भूमीवर काय झालं तेही थोडक्यात सांगतो. 2 ऑगस्ट 1984 ला मद्रासच्या मीनंबाक्कम विमानतळावर, कोलंबोच्या विमानात चढवायच्या म्हणून आणलेल्या बॅगा मागे राहिल्या आणि तिथेच फुटल्या. सुमारे तीस माणसं मेली. 1 नोव्हेंबर 1986 ला, ऐन दिवाळीत, मद्रासच्याच चूलैमेडूमध्ये यातल्या एका गटाच्या लोकांनी गोळीबार केला आणि वस्तीतला एक माणूस मेला. पाहुण्यांना बंदुका देऊन घरात ठेवलं की हे होणारच.

आता वायरलेसची गोष्ट. नोव्हेंबर 1986 मध्ये बंगळुरूला सार्क परिषद होती. त्याआधी तमिळनाडू पोलिसांनी सगळ्या गटांवर छापे घालून शस्त्रं जप्त केली. पुढे एलटीटीईचे वायरलेस सेटही उचलले. प्रभाकरन मद्रासमध्ये उपोषणाला बसला. बंदुकांसाठी नव्हे, सेटसाठी. मुख्यमंत्र्यांनी सेट परत करायला लावले. जानेवारी 1987 मध्ये तो जाफन्याला निघून गेला. करारातला शस्त्रत्याग एलटीटीईने पाळला नाही, ऑक्टोबरमध्ये आपली त्याच्याशी लढाई सुरू झाली, आणि 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या ग्राउंडवर हेलिकॉप्टरने जवान उतरवायचा बेत आपण आखला. एलटीटीईने आपलं वायरलेसवरचं बोलणं ऐकलेलं होतं. ते मैदानाभोवती वाट बघत बसले होते. 13 व्या सिख लाइट इन्फन्ट्रीचे 30 जवान तिथे उतरले. 29 मारले गेले, एक पकडला गेला.

आबा हे वाचून शिकलेले नव्हते, ते त्या काळात तिथे सेटवर होते. "आपलं सगळं त्यांना ठावं हुतं" याचा अर्थ हा. अकरा महिन्यांपूर्वी आपल्याच एका राज्य सरकारने ते सेट परत दिले, हे त्यांना मी कित्येक वर्षांनी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले.

याच लढाईत, 25 नोव्हेंबर 1987 रोजी, मुंबईत जन्मलेले आणि शिकलेले 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले. शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याच्या हातची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि मरेपर्यंत तुकडीला हुकूम देत राहिले. परमवीर चक्र मिळालं. 26 जानेवारीच्या भाषणात मी त्यांची गोष्ट दरवर्षी सांगायचो, आणि दरवर्षी एखादं पोरगं विचारायचं, "सर, समोरचे लोक कोण होते?" खरं उत्तर द्यायचं तर संध्याकाळ झाली असती. मी "अतिरेकी" म्हणून मोकळा व्हायचो. माझ्या नोकरीतल्या ज्या थोड्या गोष्टींची मला लाज वाटते त्यांतली ही एक.

शांतिसेनेचे सुमारे 1,200 जवान गेले. जाफन्याच्या लोकांची बाजूही याच पत्रात यायला हवी, नाहीतर हे पत्र लबाडीचं होईल. 21 ऑक्टोबर 1987 ला, दिवाळीच्याच दिवशी, आपले जवान जाफन्याच्या इस्पितळात शिरले. दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टर, नर्स, रुग्ण मिळून साठहून अधिक माणसं मेली होती. सैन्याने चकमकीत मेले असं सांगितलं, वाचलेल्यांनी वेगळं सांगितलं. 1989 च्या ऑगस्टमध्ये वल्वेट्टीतुरैमध्ये पुन्हा तसंच. ज्यांना वाचवायला म्हणून आपण 1983 ला हात घातला, तीच ही माणसं.

आणि एवढं होऊनही आपण शहाणे झालो नाही. निघता निघता, 1989 मध्ये, आपण ईपीआरएलएफच्या हाताने 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी केली. शाळकरी पोरं रस्त्यावरून उचलून तिच्यात भरली गेली. तेव्हा श्रीलंकेच्या अध्यक्षपदी प्रेमदासा आले होते आणि त्यांना भारतीय सैन्य देशाबाहेर हवं होतं. त्यांनी काय करावं? एलटीटीईलाच शस्त्रं दिली. स्वतःच्या देशातल्या बंडखोरांना, परक्या सैन्याविरुद्ध. 24 मार्च 1990 ला आपलं शेवटचं जहाज निघालं, ती पोरं तिथेच राहिली आणि एलटीटीईने त्यांचा फडशा पाडला. तीन महिन्यांत एलटीटीईने पूर्वेकडे शेकडो शरण आलेले पोलीस मारले. 1 मे 1993 ला प्रेमदासाही आत्मघाती बॉम्बने गेले. राजीव गांधी त्यांच्या दोन वर्षं आधीच, 21 मे 1991 ला, श्रीपेरुंबुदूरला.

यावर आपल्याकडे एकच उपमा ठरलेली आहे: भस्मासुर. भाषणात, अग्रलेखात, व्हॉट्सअ‍ॅपवर. मला ती पटत नाही. भस्मासुराच्या गोष्टीत वर देणारा भोळा असतो आणि शेवटी राक्षस नाचता नाचता आपल्याच डोक्यावर हात ठेवून जळतो, मामला मिटतो. इथे वर देणारा भोळा नव्हता, हिशेबी होता. आणि राक्षस जळायला 2009 उजाडलं. तोवर जे मेले त्यांना त्या गोष्टीत जागाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने युद्धाच्या नुसत्या शेवटच्या टप्प्यात 40 हजारांपर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता नोंदवली आहे. भस्मासुर म्हटलं की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, म्हणूनच ती उपमा इतकी आवडते.

तर उत्तर कुणी मागितलं? प्रशिक्षणाबद्दल सरकारी शिक्क्याचा जो एक मोठा दस्तऐवज आहे, तो न्यायमूर्ती जैन आयोगाचा अंतरिम अहवाल. तो खुनाच्या चौकशीचा अहवाल होता. एक माजी पंतप्रधान मारले गेले म्हणून आपल्याला छावण्यांचा थोडा तपशील कळला, नाहीतर तोही कळला नसता. नोव्हेंबर 1997 मध्ये तो संसदेत आला. त्यावरून गुजराल सरकार पडलं, पण भांडण झालं ते द्रमुक मंत्रिमंडळात असावा की नसावा यावर. दिल्लीने पाच सशस्त्र गट कुणाच्या सहीने पोसले, यावर चर्चा झाली नाही.

योगायोग बघा. 27 जून 1986 रोजी, टेलोच्या कत्तलीला दोन महिनेही झाले नव्हते, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाच्या खटल्यात अमेरिकेविरुद्ध निकाल दिला. दुसऱ्या देशातल्या बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं हा बळाचा बेकायदा वापर, नुसता पैसा देणं हाही ढवळाढवळीवरच्या बंदीचा भंग, असं त्या निकालात आहे. अमेरिकेने तो जुमानला नाही. पण 1987 च्या उन्हाळ्यात, आबा पलालीला उतरायच्या तोंडावर, अमेरिकेच्या संसदेत निकाराग्वातल्या याच कॉन्ट्रा बंडखोरांना पैसा कुठून गेला यावर अधिकाऱ्यांची जाहीर उलटतपासणी चालू होती, टीव्हीवर. अमेरिकेचा मला पुळका नाही. पण त्यांच्या खासदारांनी निदान प्रश्न विचारले.

तुमच्यापुढची अडचण मला माहीत आहे. 'रॉ' मंत्रिमंडळ सचिवालयाच्या हाताखाली येते, तुमच्या समितीच्या कक्षेत नाही. संसदेच्या कुठल्याच समितीच्या नाही. 2011 मध्ये मनीष तिवारी यांनी गुप्तचर यंत्रणांवर संसदेची देखरेख असावी म्हणून खासगी विधेयक आणलं, ते तसंच राहिलं. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम 24 ने या यंत्रणांना सूट आहे. मी एका कार्यालयाकडे साधा अर्ज केला होता, छावण्या कधी बंद झाल्या एवढाच. दोन ओळींचं उत्तर आलं, आणि त्यातली एक ओळ माझ्याच अर्जाचा विषय होती.

पण वाट अगदीच नाही असं नाही. जून 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धं आणि मोहिमांचे इतिहास लिहिण्याचं आणि साधारण 25 वर्षांनी कागद खुले करण्याचं धोरण जाहीर केलं. शांतिसेनेच्या जाफन्यातल्या मोहिमेला, ऑपरेशन पवनला, 25 वर्षं कधीच होऊन गेली. आणि कोलंबोतल्या आपल्या उच्चायुक्तालयाचे कागद, परराष्ट्र मंत्रालयाच्या टिपण्या, श्रीलंका सरकार आणि तमिळ गट यांच्यातल्या थिंफूच्या 1985 च्या वाटाघाटींची इतिवृत्तं, हे तर थेट तुमच्या कक्षेतलं आहे. परराष्ट्र सचिवांना बोलवा. 1983 ते 1990 चे श्रीलंकेविषयीचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे का गेले नाहीत, गेले असतील तर कुठले, हे विचारा. माणसांची नावं झाकून ठेवायची तर ठेवा, अजून कुणाच्या जिवाला धोका असेल. निर्णय कुणी घेतले ते झाकू नका.

देशाची बदनामी होईल, पाकिस्तानला कोलीत मिळेल, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. पाकिस्तान काश्मिरात जे करतो त्यात आमच्या तालुक्यातली पोरं गेली आहेत. म्हणूनच मला हे जास्त लागतं. 1984 मध्ये आपण पंजाबच्या अतिरेक्यांना सीमेपलीकडून मदत मिळते म्हणून जगापुढे ओरडत होतो आणि त्याच वर्षी तमिळनाडूत छावण्या चालवत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण या मुठीत काय आहे ते कोलंबोला माहीत, जाफन्याला माहीत, इस्लामाबादलाही माहीत. न सांगितलेलं फक्त आपल्याच शाळेतल्या पोरांना आहे.

शांतिसेनेच्या जवानांचं स्मारक श्रीलंकेने कोलंबोजवळ उभारलं. आपले पंतप्रधान तिथे पुष्पचक्र वाहून आले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात आता नावंही कोरली आहेत, चांगलं झालं. नावाखाली कारणही लिहा, एवढं मी म्हणत नाही.

आबा दोन वर्षांपूर्वी गेले. पण शांतिसेनेत असलेले सात-आठ जण आमच्या तालुक्यात अजून आहेत, आणि त्यातला सर्वांत धाकटाही आता साठीला टेकलाय. एक जण बंडखोरांकडे सापडलेल्या हत्यारांच्या याद्या करायला होता, त्याला अजून पुष्कळ आठवतं. समितीने साक्षीला बोलावलं तर ही माणसं येतील. साताऱ्याहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते. तारीख महिनाभर आधी कळवली तर बरं, सुगीत कुणाला निघता येत नाही. तिकिटाचं आम्ही बघू.

आपला,
एका सिग्नल्सवाल्या हवालदाराचा मुलगा
जिल्हा सातारा